वादळाची तयारी हे जमिनीचंच काम आहे



गेल्या महिन्याच्या बैठकीत पावसाळ्याआधीच्या कामांची यादी काढायला बसलो, तेव्हा काही बाया म्हणाल्या, "त्यात वादळाचं पण लिवा." त्यावर दोन-तीन जुन्या कार्यकर्त्यांनी नाक मुरडलं. म्हणे बॅटऱ्या आणि बिस्किटं वाटणं हे संस्थावाल्यांचं काम, आपली संघटना जमिनीसाठी आहे. शेवटची एसटी निघायची वेळ झाली म्हणून वाद तिथंच राहिला. तो या पानावर पुरा करतो. माझ्या मते बाया बरोबर होत्या. जंगलपट्टीत राहणाऱ्या माणसाची वादळाची तयारी जमिनीच्या लढाईपासून वेगळी काढताच येत नाही. का, ते सांगतो.

३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा होता. पेपरात आडव्या झालेल्या नारळी-पोफळी दिसल्या, आणि त्या बागायतदारांचं नुकसान खरंच मोठं होतं. पण वारा काही किनाऱ्यावर थांबला नाही. म्हसळा, तळा, माणगाव, रोहा असा तो आत डोंगरात शिरला आणि कातकऱ्यांच्या वाड्यांवरची कौलं पाचोळ्यासारखी उडवून गेला. लॉकडाऊनमुळं भट्टीवरून आलेली माणसं घरातच होती, हाताला काम नव्हतं. त्यात दिवस पेरणीचे. राब भाजून झालेले, बियाणं कणगीत. कौल गेलं की पाऊस सरळ कणगीत पडतो, आणि भिजलेलं भात एकतर मोड काढतं नाहीतर कुजतं. म्हणजे एका दुपारी छप्परही गेलं आणि वर्षाचं बीही गेलं. किती वाड्यांत वीज यायला आठवडे लागले ते तुम्हाला माहीत आहे. माणसं फार मेली नाहीत, म्हणून बाहेरच्यांच्या लेखी बातमी आठ दिवसांत संपली.

पुढच्याच वर्षी १७ मे ला 'तौक्ते' पालघरच्या समुद्रातून वर गुजरातकडं गेलं, जाता जाता आपले पत्रे घेऊन गेलं. त्याआधी २००९ च्या नोव्हेंबरात 'फयान' आलं होतं, भात कापणीच्या दिवसांत. ही झाली नाव असलेली वादळं. वैशाखातला वळीव दरवर्षी चार वाड्यांची छपरं उचलतो, त्याला ना कोणी नाव देतं ना कोणी मोजतं.

आता मुद्द्यावर येतो. वारा जातो आणि मग तलाठी येतो. आपल्या घराचं खरं काय होणार ते त्याच्या कागदावर ठरतं.

केंद्र सरकारनं २०२२ साली आपत्ती मदतीचे नवे दर काढले. त्यात पूर्ण पडलेल्या घराला, पक्कं असो की कच्चं, सपाटीच्या भागात १ लाख २० हजार रुपये आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार. आणि 'झोपडी' पडली तर ८ हजार. कच्च्या घराची थोडी पडझड झाली, म्हणजे निदान १५ टक्के, तर ४ हजार. राज्य सरकार कधी कधी आपल्याकडून जास्त देतं, निसर्गच्या वेळी दिलं होतं. पण घर आणि झोपडी हा भेद तेव्हाही होताच.

तर मग घर कुठलं आणि झोपडी कुठली? सरकारी व्याख्येत झोपडी म्हणजे कच्च्या घरापेक्षाही हलका, तात्पुरता निवारा. गवत, माती, प्लास्टिक वगैरेचा. आता आपलं घर बघा. सागाच्या मेढी, वर आढं, वासे, कारवीचा कूड, त्याला शेणमातीचा लेप, डोक्यावर कौलं. तीस-तीस वर्षं त्यात पोरं जन्मली, लग्नं झाली. ते तात्पुरतं कसं? पण पायवाटेनं घामाघूम होऊन आलेला माणूस मातीचा कूड बघतो आणि 'झोपडी' लिहून मोकळा होतो. त्या एका शब्दाची किंमत लाखाच्या वर आहे. अंगठा देणाऱ्या म्हातारीला ते कोणी वाचून दाखवत नाही.

याहून वाईट अट पुढं आहे. पडझडीची मदत घ्यायची तर घर 'अधिकृत बांधकाम' असलं पाहिजे, आणि तसं अधिकाऱ्यानं प्रमाणित केलं पाहिजे, असं त्या दरपत्रकाच्या टिपेत लिहिलंय. फॉरेस्ट प्लॉटवरचं घर, ज्याचा दावा दहा-बारा वर्षं उपविभागीय समितीकडं लटकलाय, ते अधिकृत कोण म्हणणार? दावा त्यांनी लटकवायचा आणि नुकसान आपण सोसायचं. म्हणून म्हणतो, हा बिस्किटांचा प्रश्न नाही.

अजून एक बाजू आहे, ती मला जास्त भीतीची वाटते. वनहक्क कायद्याच्या नियम १३ मध्ये पुरावे कुठले चालतात ते दिलंय. त्यात घर, झोपडी, जमिनीची केलेली सपाटी, बांध, बंधारे या जमिनीवर उभ्या खुणा पुरावा म्हणून धरल्यात. वडिलधाऱ्यांचा जबाब धरलाय. कागद तर आहेतच. आता वादळ काय करतं? घर पाडतं. पाण्याचा लोंढा बांध फोडतो. ट्रंकेतले कागद भिजून त्यांचा लगदा होतो. फॉरेस्टच्या जुन्या दंडाच्या पावत्या, ज्या आपल्या बापजाद्यांनी शिव्या देत भरल्या आणि ज्या आज १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा कब्जा दाखवायला सोन्यासारख्या कामाला येतात, त्या एका रात्रीत जातात. मग पुढल्या वर्षी मोजणीला आलेला माणूस मोकळं जोतं बघून म्हणतो, इथं तर कोणी राहतच नाही. वाऱ्यानं केलेलं काम फॉरेस्टला आयतं मिळतं. दावा निकाली निघेपर्यंत कुणालाही हलवता येणार नाही असं कलम ४(५) सांगतं. पण त्या कलमाचा आधार घ्यायला दावा केल्याची पोच तरी हातात हवी ना!

म्हणून पहिली तयारी कागदाची, आणि ती मे महिन्यातच. प्रत्येक घराचा दाव्याची पोच, नकाशा, दंडाच्या पावत्या, प्लॉटचा आदेश, रेशनकार्ड, आधार, जातीचा दाखला, बँकेचं पुस्तक, जॉबकार्ड, गरोदर बाईचं कार्ड हा सगळा गठ्ठा जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, एकीत एक, तोंड सुतळीनं घट्ट बांधून. पिशवी पत्र्याच्या डब्यात. डबा कुठाय ते घरातल्या निदान दोघांना माहीत पाहिजे, त्यातली एक बाई. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं असतो, तर कागद एकट्या नवऱ्यालाच का माहीत? झेरॉक्सचा एक संच वाडीच्या बाहेर ठेवायचा, संघटनेच्या ऑफिसात किंवा दुसऱ्या गावच्या पाव्हण्याकडं. ज्यांच्या पोराकडं फोन आहे त्यांनी फोटो काढून दोन-तीन जणांना पाठवून ठेवावेत. फोन पाण्यात गेला तरी फोटो राहतात.

दुसरं काम ग्रामसभेचं. घर उभं आहे तोवर त्याची नोंद करायची. वनहक्क समितीनं वाडीतून फिरावं, एकेक घर मापावं: लांबी-रुंदी किती फूट, मेढी किती, कूड कशाचा, वर कौल की पत्रा, गोठा आहे की नाही, किती सालापासून. नोंदवहीत 'कच्चे घर' असं स्वच्छ लिहावं आणि ग्रामसभेत ठराव करून सही-शिक्क्यानिशी एक प्रत तहसीलदाराला देऊन पोच घ्यावी. घरासमोर घरच्यांना उभं करून एक फोटो. या वहीला कायद्यानं काही मोठा मान आहे असं मी म्हणत नाही. पण वादळानंतर तलाठी 'झोपडी' लिहायला लागला की त्याच्यासमोर आपलं त्याच्याआधीचं लेखी असेल. नुसत्या तोंडी भांडणापेक्षा ते बरं.

ग्रामपंचायतीत घरपट्टी लागली नसेल तर नमुना ८ ला नोंद करा म्हणून अर्ज द्या. ग्रामसेवक सांगेल की जागा फॉरेस्टची आहे, नोंद होत नाही. त्याला सांगा, नोंदीनं मालकी मिळत नाही हे आम्हालाही माहीत आहे, घर उभं आहे एवढंच लिहायचंय. नकार दिला तर तो लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी म्हटलं की सूर बदलतो.

आता घराची गोष्ट. सरकारचं वादळाचं पत्रक बघितलं तर त्यात खिडकीच्या काचांना चिकटपट्टी लावा असं असतं. काच कुठाय आपल्याकडं? ती पत्रकं स्लॅबच्या घरासाठी लिहिलेली. आपल्या घराची अडचण वेगळी आहे. वारा छप्पर नुसतं ढकलत नाही, खालून उचलतो. आणि आपल्या छपराचा सगळा भरवसा त्याच्या वजनावर. वासे आढ्यावर टेकलेले, कुठं सुंभानं बांधलेले, कुठं एखादा खिळा. सुंभ दोन पावसाळ्यांत कुजतं. तेव्हा चढून बघा. वासा आढ्याला, आढं मेढीला जाड तारेनं पक्कं आवळा. मेढ जमिनीत कुजली असेल तर आत्ता बदला, जूनमध्ये नाही. पडवीचं छप्पर मुख्य छपराला जोडलेलं असेल तर सोडवून वेगळं करा. वारा पहिल्यांदा पडवीतच शिरतो, आणि जोडलेलं असलं की पडवी जाताना घराचं छप्पर ओढून नेते. पत्र्यावर दगड ठेवायची सवय सोडा. मोठ्या वाऱ्यात पत्रा दगडासकट उडतो, मग दगड डोक्यात आणि पत्र्याची धार मानेवर. त्यापेक्षा छपरावरून आडवे-उभे दोर टाकून खाली खुंट्यांना बांधा. गवती छपरावर जुनं मासेमारीचं जाळं टाकलं तर फार चांगलं धरतं. किनाऱ्यालगतच्या वाड्यांना ते स्वस्तात मिळेल.

इथं जुनी माणसं म्हणतात, "एवढं कशापायी? आमच्या येळेला घर पडलं तर चार दिसात उभं व्हायचं." खरं आहे त्यांचं. तेव्हा कारवी जंगलातली, वासा जंगलातला, गवत जंगलातलं, आणि हात साऱ्या वाडीचे. जंगल हीच आपली तयारी होती. आज डोक्यावर वाशाची मोळी दिसली की गुन्हा नोंदतात. मग माणूस सावकाराकडून पैसे काढून पत्रा आणतो, आणि तो फेडायला परत भट्टीची उचल घेतो. म्हणून ज्या गावांचे सामूहिक दावे अजून भरायचेत त्यांनी निस्ताराच्या हक्कात घरदुरुस्तीची कारवी, बांबू, गवत, लाकूड हे नाव घेऊन लिहावं. कायद्याच्या कलम ३(१)(ख) मध्ये निस्तार आहे. आपणच गुळमुळीत लिहितो आणि मग ते गुळमुळीत देतात.

घराजवळचं वाळकं झाड किंवा छपरावर आलेली फांदी आधी उतरवा. झाड फॉरेस्टच्या हद्दीत असेल तर ग्रामसभेचा अर्ज गार्डाला देऊन पोच घ्या. उद्या तीच फांदी घरावर पडली तर कोणी कळवलं होतं आणि कोणी ऐकलं नाही ते कागदावर राहील.

बियाण्याचं विसरू नका, पैशापेक्षा ते आधी. मेच्या शेवटी पेरणीचं भात, नाचणी, वरी कणगीतून काढून झाकणाच्या ड्रममध्ये भरा, ड्रम जमिनीपासून हातभर वर. थोडं बी दुसऱ्या वाडीतल्या नातेवाईकाकडं ठेवा. चार-सहा दिवसांचा तांदूळ, मीठ, काडेपेटी, तिखट आणि कोरडा जळणाचा भारा असाच वर. रेशनचं रॉकेल आटलंय, तेव्हा बॅटरी आणि तिचे सेल आधी घेऊन ठेवा. प्यायचं पाणी दोन हंडे झाकून. वादळानंतर विहिरीत काय काय वाहून येतं ते सांगायला नको, पाणी उकळूनच प्या. जुलाबानं पोरं वाऱ्यापेक्षा जास्त आजारी पडतात.

निघायचं कुठं, हे आधी ठरवा. शाळा म्हणाल तर आधी शाळेचं छप्पर बघून या. कित्येक वाड्यांवर शाळाच पत्र्याची आहे. स्लॅबची जागा कुठली, तिची किल्ली कोणाकडं, वाटेत ओढा लागतो का, रात्री म्हातारीला कोण उचलणार, हे ग्रामसभेत नाव घेऊन ठरलं पाहिजे. ओढा लागत असेल तर तो भरायच्या आत निघावं लागेल, म्हणजे वारा सुटायच्या कितीतरी आधी. दिवस भरत आलेल्या बाईला दोन दिवस अगोदर आरोग्य केंद्राजवळच्या नातेवाईकाकडं हलवा, आशाताईला सांगून. हवामान खात्याचा नारंगी किंवा लाल इशारा आला की रेंज असलेल्या टेपाडावर जाऊन निरोप घेणारा एक पोरगा आणि तो शेजारच्या पाड्यावर नेणारा दुसरा पोरगा, हे ठरलेले असावेत. विजांसाठी 'दामिनी' नावाचं सरकारी ॲप आहे, ते त्यांच्या फोनात टाका.

ढोरं दावणीला बांधून ठेवू नका, सोडा. मोकळं जनावर आपला जीव आपण वाचवतं. शेळ्या-कोंबड्या पडक्या गोठ्यात कोंडू नका. वादळाच्या ऐन मधे वारा एकदम पडला तर संपलं समजून कौलं गोळा करायला बाहेर धावू नका. वादळाचा डोळा डोक्यावरून जात असला तर थोड्या वेळानं वारा उलट्या बाजूनं येतो, आणि पहिल्या वाऱ्यानं खिळखिळं झालेलं घर तेव्हा पडतं. पडलेल्या विजेच्या तारेला हात नको, मेलेली दिसली तरी.

या सगळ्यानं काही फरक पडतो का, असं विचारणाऱ्यांसाठी ओडिशाचं सांगतो. १९९९ च्या ऑक्टोबरात तिथं महावादळ आलं, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ साली 'फायलिन' आलं, तेही मोठंच. त्या वेळी सुमारे दहा लाख लोक आधीच हलवले होते, आणि मेलेल्यांचा आकडा शंभराच्याही आत राहिला. मधल्या वर्षांत तिथं निवारे बांधले होते, गावोगाव माणसं तयार केली होती. आपल्या डोंगरात तसं निवाऱ्यांचं काम कोणी केलेलं नाही. ते मागायचं की नाही? मागायचंच. प्रत्येक वाडीला जवळ एक स्लॅबचं समाजमंदिर, ही मागणी या वर्षीच्या निवेदनात घातली पाहिजे. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, सामाजिक केंद्र अशा कामांना एक हेक्टरच्या आतली वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीनं देता येते. जागा फॉरेस्टची म्हणून होत नाही, हे उत्तर ऐकून परत यायचं नाही.

आणि वारा गेल्यावर? सगळे सुखरूप आहेत हे बघितलं की दुरुस्तीला हात लावायच्या आधी फोटो. चारी बाजूंनी, आतून, भिजलेलं धान्य, मेलेली शेळी, घरावर पडलेलं झाड तोडायच्या आधी. मोडलेले वासे, फुटकी कौलं जाळू किंवा फेकू नका, एका बाजूला रचून ठेवा. पोरांना पावसात ठेवून पंचनाम्याची वाट बघा असं मी म्हणत नाही. फोटो झाले की ताडपत्री टाका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वाडीचा एकत्र अर्ज तहसीलदाराला, प्रत्येकाच्या नावापुढं काय गेलं ते लिहून, पोच घेऊन. पंचनाम्याला वाडीतली लिहिता-वाचता येणारी एक पोरगी तलाठ्याबरोबर घरोघर फिरली पाहिजे, आणि तिनं प्रत्येक पंचनामा मोठ्यानं वाचावा. कोऱ्या कागदावर अंगठा नाही. 'झोपडी' लिहिलं तर तिथंच हरकत लिहायला लावा. कामाला बाहेरगावी गेलेल्यांचं घर 'बंद' म्हणून सुटतं. त्यांचं नाव शेजाऱ्यानं लावून घ्यायचं, त्यासाठी समितीच्या वहीत कोण कुठं गेलाय आणि फोन काय हे असू द्या. वनपट्टा मिळालेल्यांनी पिकाचा पंचनामाही मागायचा. सातबारा नाही म्हणून शेतकरी नाही, असं कुणी म्हटलं तर पट्टा दाखवा. ३३ टक्क्यांच्या वर पीक गेलं तर मदत मिळते, आणि वनपट्ट्यावरचं भातही भातच असतं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक वाडीनं आपल्या घरांची मापं घेतलेली वही आणावी. कोऱ्या वह्या ऑफिसात ठेवल्या आहेत, समितीच्या माणसानं येऊन न्याव्यात. तलाठ्याला द्यायच्या अर्जाचा नमुना या अंकाच्या मागच्या पानावर आहे. स्टेन्सिल फाटल्यामुळं दोन ओळी पुसट आल्यात, त्या पेनानं गिरवून घ्या.